प्रार्थनेची शिक्षा

धार, १४ जून १९९८

तीर्थस्वरूप सौ. सुनेत्राताईस,
धाकट्या नीलेशचा सा. सलाम वि. वि.

माझा तबादला कुक्षीला झाला. कुंदाला जाऊन वर्ष होत आलं, आमची पोर सुवार्ता अजून नऊ वर्षांचीच. तिला एकटं टाकून ऑफिसला जाणं मुश्किल आहे. तिला देवासला तुझ्याकडे ठेवून घे. तुझं नि भावजींचं घर मोठं, चर्च जवळ, शाळा कॉलनीतच. पोर शांत आहे. खाण्याचे नखरे बिलकुल नाहीत.

एकच सांगायचं. संध्याकाळी ती कोठीच्या खोलीत, धान्याच्या डब्यांमध्ये, दार लावून बसते. तिच्या आईचीच सवय. कुंदा म्हणायची की देवाशी बोलताना तिसरं माणूस नको, प्रभूनेच दार लावून घ्यायला सांगितलंय. बाहेर यायची तेव्हा पदराला पीठ लागलेलं असायचं आणि चेहरा हलका. काय मागितलंस, असं मी कधी विचारलं नाही. पोरीची तेवढी वेळ राहू दे. बाकी महिला मंडळात तुझ्या प्रार्थनेचं नाव आहे, तर तिलाही तू प्रार्थनेची शिक्षा द्यावी ही विनंती. माझं मराठी वाचून हसू नको.

भावजींना सलाम. माझ्यावरचा लोभ आता माझ्या पोरीवर कर.

तुझा नीलेश

देवास, २ ऑगस्ट १९९८

चि. नीलेश यास ताईचे आशीर्वाद.

हसू नको कसं? अरे, मराठीत शिक्षा म्हणजे दंड! हिंदी शाळेनं तुझं पार भजं केलं. ह्यांना वाचून दाखवलं तर चहा सांडेपर्यंत हसले. असो, समजलं मला.

पोर जेवते, अंगानं थोडी भरली. पण काय मुखदुर्बळ कार्टी वाढवलीस रे! गुरुवारी पाळकसाहेब जेवायला होते. मी कौतुकानं हिला प्रार्थना करायला सांगितलं, तर मान खाली घालून उभी. वरण गार झालं. शेवटी नुसतं आमेन म्हणाली. पाळकसाहेब हसले, माझं नाक कापलं गेलं. आणि हीच बया संध्याकाळी कोठीत दार लावून तासभर पुटपुटते! म्हणजे जीभ आहे, फक्त आमच्यासाठी नाही. आपल्या आईबाबांच्या घरात कुणी लपून प्रार्थना केली होती का? लपून माणूस चोरी करतो. कुंदानं तुला झुलवलं, मला ही झुलवणार नाही. कोठीची कडी मी काढून टाकली आहे.

तब्येतीला जप. ताईचा हात डोक्यावर आहे तोवर काळजी नको.

सुनेत्रा

कुक्षी, १६ ऑगस्ट १९९८

ती. ताईस सा. सलाम.

कडीचं वाचून बरं नाही वाटलं. तू मोठी, तुला मी काय सांगू? पण आमच्यात भांडण झालं की कुंदा कोठीत जायची, आणि बाहेर येऊन पहिला चहा मला द्यायची. आत माझ्याबद्दल काय बोलली असेल, देव जाणे. ते देवानेच जाणावं म्हणून तर दार होतं. कडी परत लाव ना, ताई. साहेब सुट्टी देत नाहीत, नाहीतर मीच आलो असतो.

रागावू नको. माझी पोर तुझ्या पदरात आहे.

नीलेश

देवास, ६ सप्टेंबर १९९८

चि. नीलेश यास,
मागच्या पत्रातले आशीर्वाद पुरवून वापर.

तुझ्या लाडकीनं काय दिवे लावले ते ऐक. काल महिला मंडळ आमच्याकडे होतं. मी हिला मधोमध उभं केलं आणि कोठीत जे पुटपुटतेस तेच, शब्दन् शब्द, सगळ्यांसमोर म्हण, असं बजावलं. ही नाही म्हणाली. ती गोष्ट देवाची आहे म्हणे! दंडाला धरून गदागदा हलवलं तेव्हा तोंड उघडलं. म्हणाली, हे प्रभू, आत्या न्हाणीघरात नळ सोडून रडते, तिला बाळ नाही म्हणून. तिचं रडणं थांबव. पप्पांकडे जायचं मी मागत होते ते राहू दे, आधी आत्याचं बघ.

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. इंदिराबाईनं तर डोळ्याला पदर लावला, माझ्या कीवेनं! इतकी वर्षं झाकलेलं या टीचभर पोरीनं चव्हाट्यावर मांडलं. दिली मी तिच्या थोबाडीत. आता रोज संध्याकाळी ती अंगणातल्या खडीवर गुडघे टेकते आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी प्रार्थना करते. आवाज पडला की पुन्हा पहिल्यापासून. गुडघे फुटलेत, त्यांना हळद मीच लावते. राक्षसीण नाही मी.

तूच लिहिलं होतंस ना, प्रार्थनेची शिक्षा द्यावी? दिली. अस्सल मराठीतली.

सुनेत्रा

देवास, २० डिसेंबर १९९८

प्यारे पप्पांना,
सुवार्ताचा गोड गोड सलाम.

मराठी आत्याने शिकवली, गलती झाली तर माफ करा. तुम्ही मला न्यायला येणार असं आत्याला लिहिलं होतं. ती म्हणते की साहेब सुट्टी देत नसतील. काही हरकत नाही.

मला चर्चमध्ये प्रार्थनेचं पहिलं इनाम मिळालं, स्टीलचा डबा. सगळ्या आंटी रडल्या. आत्याने मला जवळ घेतलं आणि पाळकसाहेबांना सांगितलं की ही माझी मेहनत. मोठ्याने बोलायची आता बिलकुल भीती वाटत नाही. सगळं पाठ झालं आहे. बोलता बोलता मी मनात पाढे म्हणू शकते. गुडघे पण बरे आहेत, फक्त काळे झाले.

आत्याने कोठीला कडी परत लावली. म्हणाली, जा, आता शहाणी झालीस. मी गेले. दार लावलं. खूप वेळ बसले, पण काही बोलायला आलंच नाही. मग तिथले गहू निवडले आणि बाहेर आले.

तुम्ही माझी फिकर करू नका. आत्या अजून नळ सोडून रडते. मी आता तिच्यासाठी काही मागत नाही. तुमच्यासाठी पण नाही.

तुमची सुवार्ता