कोंबड्यांचं औषध

परभणी,
९ मार्च १९८६

चि. सौ. केशर हिस,
मुंजाजीचा जय भीम. पाथरीला तुझ्या आईला उतार पडला असेल. इकडे लेकरं बरी आहेत. पोल्ट्रीचं शेड मात्र उरलं नाही.

सोनपेठच्या लग्नाला आपल्या कोंबड्या गेल्या. वऱ्हाड हगवणीनं लोळलं, नवरदेवाचा चुलता मेला. दुसऱ्या सकाळी त्यांची माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. जिवंत पक्षी भिंतीवर आपटले. ज्या तोंडानं मी नामांतराचे मोर्चे गाजवले, ते त्यांनी एका ठोशात बंद केलं. तुझ्या बन्सीधरच्या नडगीत कुऱ्हाड रुतली.

मी त्याला किती बजावलं होतं! आजारी पक्षी कापू नकोस, सगळं मटण एकाच पिंपात बुचकळू नकोस. रक्तानं गढूळ झालेल्या पाण्यात जंतू मारायला टाकलेल्या ब्लिचिंग पावडरचा जोर मरतो. तो हसायचा. "दादा, या पाण्यातून काढली की कोंबडी गंगेत न्हाल्यावाणी! तुमी भाषणं करा, आमाला धंदा करू द्या."

जखम चिघळली. इंजेक्शनं लागू पडेनात. डॉक्टरांनी विचारलं, "पक्ष्यांना काय पाजता?"

"टेट्रासायक्लिन. रोज. आजारी असो नसो," बन्सीधर ऐटीत म्हणाला.

"अरे, तेच मी तुला टोचतोय! त्याला सरावलेले तुझ्या शेडातले जंतूच जखमेत शिरलेत."

दुसरं औषध येईपर्यंत पाय काळा पडला. कापायची गोष्ट निघताच तो ओरडला, "मरंन, पण पाय देणार न्हाई! दादाला भाषणात दाखवायला लंगडा भाऊ पायजे!"

केशर, तुला बोलवायला वेळ होता, असं तुझ्या माहेरचे म्हणतील. नव्हता. तो तापात बेशुद्ध झाला आणि मी सही केली. पाय मांडीपासून गेला.

शुद्धीवर येताच त्यानं माझ्या कपाळावर तांब्या फेकून मारला. आता पट्ट्या फाडतो, नर्सला चावतो. असंच चाललं तर विष वर चढेल, असं डॉक्टर म्हणतात.

वेळ आली तर मी पुन्हा सही करीन. पण माझं तो ऐकत नाही. पहिल्या एस.टी.नं ये. दवाखान्याच्या व्हरांड्यात मला चपलेनं मार, साऱ्या परभणीदेखत मार. पण आधी त्याचे दोन्ही हात धर.

त्याच्या शिव्या ऐकत दाराशी बसलेला,
तुझा थोरला दीर
मुंजाजी