आंबापोळीतली पपई

भोर, मंगळवार, संध्याकाळ

पुण्याच्या प्रयोगशाळेचा अहवाल आज आला. थोरल्या भावजींच्या कारखान्यातल्या आंबापोळीत पपईचा डीएनए सापडला. आणि पाकिटावर सोनेरी अक्षरांत काय, तर 'शंभर टक्के आंबा'.

गेल्या महिन्यात तीच पोळी खाऊन माझ्या चिऊचे ओठ सुजले, श्वास अडकला. तिला पपई चालत नाही, हे भावजींना चांगलं ठाऊक. तरी म्हणाले, "आमच्या मालात पपई न्हाई. पोरीचे नखरे हायत." घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. क्षणभर मीही पोरीकडेच संशयाने पाहिलं. कशी पाहू शकले?

मग पाकीट तपासायला पाठवलं. प्रयोगशाळेतल्या बाई फोनवर म्हणाल्या, रंग आणि वास फसवतात, पण आटवून वाळवलं तरी फळाचा डीएनए थोडा उरतोच.

दुपारी उत्रोलीच्या कारखान्यात जाऊन कागद पुढे ठेवला. भावजींनी वाचलाही नाही. "आगं, पपई काय इख हाय व्हय? फळच हाय की. सोनेरी अक्षरं बघून लोक घेत्यात." वर हसले. या माणसाच्या मी दर दिवाळीला पाया पडते.

नवरा म्हणतो, घरातलं घरात ठेवू. कसलं घरातलं? ती पाकिटं एसटी स्टँडवर विकायला असतात. उद्या दुसऱ्या कुणाचं लेकरू...

अन्न खात्याकडे तक्रार लिहायला बसले, तेव्हा नवऱ्याने विचारलं, "सही कोण करणार?"

मी केली. पूर्ण नावाने, त्यांच्याच आडनावासकट.