मागून हाक

आये, काल मी माझ्या लेकाला मागून हाक मारली.

तू असतीस तर थोबाड फोडलं असतंस माझं. बाबा होडीवर निघाले की कुठे म्हणून विचारायचं नाही, मागून हाक मारायची नाही, ही तुझ्या घरची रीत. एकदा ते जेवणाचा डबा विसरले. मी उंबऱ्यातून ‘बाबा!’ म्हणून ओरडणार, तोच तू बांगडे साफ करताना उठलीस आणि खवल्यांच्या हातानेच माझं तोंड दाबलंस. मग डबा घेऊन मागच्या पाखाडीच्या पायऱ्या धावत उतरलीस, वळसा घालून त्यांच्या समोर उभी राहिलीस. परत येऊन धापा टाकत म्हणालीस, “दर्यावर जाणाऱ्याचं तोंड बघून बोलावं गो. पाठीला बोलू नये.” मला वाटायचं, केवढी ही अदब! तुला सासूने शिकवली, तिला तिच्या सासूने. आता कळतं, एवढ्या बायकांनी घाबरून घाबरून ती रीत बनवली. भीती उघडी दिसू नये म्हणून तिला लुगडं नेसवलं, झालं.

माझ्या गुडघ्यांना पाखाडी झेपत नाही. म्हणून काल दारातूनच ओरडले, “अरे, तुझी कानटोपी!” तो वळला, मागे आला, हसला. “आई, ट्रॉलरवर चाललोय, अमेरिकेला नाय.” म्हटलं, आता मागे फिरलास तर क्षणभर बस, घोटभर पाणी पी नि मग जा. “उशीर होतोय गं,” म्हणाला, कानटोपी खिशात कोंबली नि गेलासुद्धा.

आज दुपारपासून वारा सुटलाय. मिरकरवाड्यातल्या बहुतेक बोटी बंदराला लागल्या, त्याची नाही. फोन लागत नाही. शेजारीण म्हणते, जयगडला आसऱ्याला गेले असतील. असतील. जेट्टीवर जायची हिंमत होत नाही, कोणी काही सांगेल म्हणून. स्वतःला बजावते, हाकेने का कुठे वारा सुटतो? आणि लगेच कान पकडते.

हे तुला पोचणार नाही, म्हणूनच लिहितेय. कानटोपी तो विसरला नव्हता, आये. मीच त्याच्या पिशवीतून काढून उशीखाली ठेवली होती. तेवढ्यासाठी तरी मागे फिरेल आणि त्याचं तोंड आणखी एकदा बघायला मिळेल, म्हणून.