धुडाचा उपयोग

३ ऑक्टोबर

डिझेल पुन्हा वाढलं. पंपावरच्या रांगेत सगळ्यांची तोंडं उतरलेली. माझं नाही. मोठी गाडी चालवणाऱ्याचं मन मोठं असावं लागतं. टाकी फुल्ल केली, बिल न बघता खिशात घातलं. घरी येऊन बघितलं. बघायला नको होतं.

बायकोनेही बघितलं. जेवताना म्हणाली, पिकअप घेऊन वर्ष झालं, त्याच्या एवढ्या मोठ्या हौद्यातून आजवर काय काय वाहिलंत ते सांगा. मी शांतपणे सांगितलं. बटणांची सॅम्पल कार्डं, माझा डबा आणि एकदा सासऱ्यांची छत्री. आमच्या कारखान्यात बटणं होतात आणि मी सॅम्पल विभागाचा प्रमुख आहे. बटणं हलकी असतात, हा काही माझा दोष नाही.

बायको गाडीला गाडी म्हणत नाही, धूड म्हणते. ती ड्रायव्हिंग स्कूल चालवते. तिची गाडी एवढीशी, लालभडक, आणि शिकवणीसाठी तिच्या पायाखाली जास्तीचा एक ब्रेक. संसारातही तो तिच्याच पायाखाली आहे.

निकाल असा लागला: दुसऱ्या कुठल्याही गाडीला जमणार नाही असं एक तरी काम धुडाने महिनाअखेरपर्यंत करून दाखवायचं. नाहीतर फरशीवाला घ्यायला तयार आहे. फरशीवाला! माझ्या गाडीत फरश्या!

मंजूर म्हटलं. एक काम म्हणजे किस झाड की पत्ती.

५ ऑक्टोबर

काटकसर सुरू. एसी बंद. वेग चाळीसच्या वर नाही. मागे मोठी रांग लागली. लोक हॉर्न वाजवून दाद देत होते. पाण्याचा टँकरसुद्धा ओव्हरटेक करून गेला. जाताना टँकरवाला माझ्या वडिलांविषयी काहीतरी बोलला. खिडकी उघडी असल्यामुळे स्पष्ट ऐकू आलं. ऑफिसला उशीर. येताना तो वेळ भरून काढण्यासाठी जोरात आलो.

खिडकी बंद ठेवायची तर एसी लागतो. उद्यापासून एसी चालू.

७ ऑक्टोबर

नवा विचार: डिझेल तेवढंच, माणसं जास्त. आमच्या ऑफिसच्या कॅशियर बाई इकडेच राहतात, त्यांना लिफ्ट देऊ केली. बाईंनी दार उघडलं, पायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पायरी त्यांच्या कमरेला लागत होती. तळमजल्यावरच्या काकांनी घरातून स्टूल आणून दिलं. वर सल्लाही दिला, की डावा पाय आधी टाका, आणि घरी काही निरोप द्यायचा असेल तर माझ्याजवळ देऊन ठेवा.

बाई चढल्या. उतरवायला वॉचमन आणि पॅकिंगमधल्या दोघी लागल्या. घाईत स्टूल हौद्यात पडलंय हे कोणाला आठवलंच नाही.

बाई म्हणाल्या, उद्यापासून बस. आणि आता गाडी शिकूनच घेते, तुमच्या मिसेसकडेच नाव घालते. लोकांना उंची सोसत नाही.

९ ऑक्टोबर

संधी चालून आली! काकांना कपाट लेकीकडे पाठवायचं होतं, दोन गल्ल्या पलीकडे. मी धावत जाऊन गाडी काढली. हेच ते काम. गाडी गल्लीच्या तोंडाशी अडकली. पुढे जाईना, मागे येईना. मी आरसे दुमडत होतो तोवर कपाट हातगाडीवर बसून दुसऱ्या गल्लीने पोचलंसुद्धा. परत येताना काका माझ्यापाशी थांबले. म्हणाले, दारात हत्ती झुलवणं सोपं असतं हो, बोळात वळवणं अवघड. आणि माझं स्टूल?

तात्पर्य: गल्ली चुकीची आखली आहे.

१२ ऑक्टोबर

डिझेल पुन्हा वाढलं. पण मी एक पाऊल पुढे. सायकल घेतली. गिअरवाली, दणकट. निर्धार: रोज सायकलने ऑफिस. गाडी फक्त मोठ्या कामांसाठी. बायकोने आधी सायकलकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे. म्हणाली, दोघांची ओळख करून दिलीत का?

१३ ऑक्टोबर, सकाळी

निघतोय. आयुष्याची नवी सुरुवात.

त्याच सकाळी, थोड्या वेळाने

परत आलो. पाण्याच्या टाकीचा चढ गाडीतून दिसतो त्यापेक्षा बराच उभा आहे. कधी वाढवला कोण जाणे. ऑफिसला गाडीने गेलो.

१५ ऑक्टोबर

उपाय सापडला. सायकल हौद्यात टाकायची, चढ गाडीने चढायचा, टाकीपासून पुढे सायकल. बायकोला हेही दाखवून दिलं, की हौद्यातून शेवटी काहीतरी वजनदार वाहिलं. ती म्हणाली, वजन उतरवायचं औषध केकबरोबर घेतल्यासारखं झालं हे. पण गाडी फक्त टाकीपर्यंतच, असं मी बजावून सांगितल्यावर नुसतं ‘हं’ म्हणाली. पटलं असावं.

टाकीजवळ गाडी लावायला जागा आहे, पण तिथे ऊन. म्हणून जरा पुढे गेलो. जरा पुढे म्हणजे कारखान्याच्या मागचं सर्कशीचं मैदान. सर्कस यायची कधीच बंद झाली. जुन्या तिकीटघराची भिंत तेवढी उभी आहे. दिवसभर चिटपाखरू नसतं. कोपऱ्यात झाडाची छान सावली. तिथून सायकलने कारखान्याचं फाटक दोन मिनिटांवर. दोन तर दोन. व्यायामात अंतराला महत्त्व नाही, सातत्याला आहे.

१६ ऑक्टोबर

घंटी वाजवत फाटकातून शिरलो. वॉचमन उठून उभा राहिला. गाडीतून आलो तर कधी राहत नाही. मोठे साहेब जिन्यात भेटले. थक्क झाले. म्हणाले, एवढ्या लांबून सायकलने, आणि घामाचा थेंब नाही?

मुद्दा बरोबर आहे. घरी कुंड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली आहे. ती उद्यापासून गाडीत. आधी कपाळ, मग मान, मग शर्टाची पाठ.

१८ ऑक्टोबर

साहेबांनी सगळ्या स्टाफसमोर माझी पाठ थोपटली. हात ओला झाला, तो सगळ्यांना दाखवला. म्हणाले, ही जिद्द बघा. आणि आता यांना लागणार नाही म्हणून माझी पार्किंगची सावलीतली जागा कॅशियर बाईंना जाहीर केली. त्यांचं गाडी शिकणं सुरू झालंय. मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. मग लक्षात आलं.

२० ऑक्टोबर

मागच्या बंपरवर ओरखडा. लाल. काकांच्या कुंड्या लाल आहेत. सरळ जाऊन विचारलं. काका म्हणाले, तुमच्या गाडीपर्यंत हात पोचायला मला स्टूल लागेल, आणि ते तुम्ही घेऊन गेलाय. उत्तर देण्याची पद्धत संशयास्पद वाटली. स्टूल परत केलं नाही. पुरावा आहे.

बायको मात्र खुशीत. रिव्हर्स आणि पार्किंग शिकवायला तिला अगदी हवा तसा अडथळा मिळालाय म्हणे. अजस्र, दणकट, जागचा हलत नाही, आणि कितीही धडका मारा, मालक तक्रार करायला येत नाही. मी म्हटलं, उत्तम. शिक्षण प्रत्यक्ष वस्तूवरच व्हायला हवं.

२२ ऑक्टोबर

मैदानात माझ्या जागेभोवती कोणीतरी फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या आहेत. सुबक चौकोन. पालिकेचंच काम. बरोबर माझ्या गाडीच्या मापाचा. एकूण, दखल घेतली जात आहे.

२३ ऑक्टोबर

चौकोनापाशी आज दोन नारिंगी शंकूसुद्धा! राखीव जागा. संध्याकाळी पाहतो तर मागे डावीकडे पोचा. लाल. माणूस मोठा झाला की आधी बंदोबस्त वाढतो, मग हल्ले.

कॅशियर बाई हल्ली मैदानाच्या बाजूने चालत येताना दिसतात. कॅश उशिरा उघडते, वेळ असतो. प्रकृतीसाठी असावं. मी आदर्श घालून दिलाय खरा.

२५ ऑक्टोबर

सावली सरकली म्हणून आज गाडी पार पलीकडे, दुसऱ्या झाडाखाली लावली. संध्याकाळी बायको वैतागून आली. अख्खी बॅच वाया गेली, अडथळा जागेवरच नव्हता. मला खरंच वाईट वाटलं. म्हटलं, लोकांना शिस्तच राहिलेली नाही. त्या मालकाला चांगलं सुनवायला हवं.

म्हणाली, सुनवणार आहे. महिनाअखेरीला.

२७ ऑक्टोबर

डिझेल. पुन्हा. पंपवाला मला लांबूनच हात करतो आता. आपुलकी.

फरशीवाला गाडी बघून गेला. भोवती फेरी मारली, हौद्यातून हात फिरवला. म्हणाला, इतका कोरा हौदा उभ्या जन्मात बघितला नाही, तान्ह्या बाळाची टाळू जशी. हे पोचे कसले, म्हणून विचारलं. मी म्हटलं, जळणाऱ्यांचे. बायको त्याच वेळी म्हणाली, वापराचे.

तो गेल्यावर थोडा वेळ गाडीत जाऊन बसलो. चालू केली नाही. तिथे बसलं की सगळ्यांची टाळू दिसते. साहेबांचीसुद्धा एकदा दिसली होती. सॅम्पल विभागात मला दिवसभर खाली मान घालून बटणांची भोकं मोजावी लागतात. दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी. माझ्याकडे मान वर करून बघणारं तिथे कोणी नाही. गाडी असली की बघतात. बघावंच लागतं.

डोळ्यांत काहीतरी गेलं. काच पुसायला हवी.

काम अजून सापडलेलं नाही. पण सापडेल. चार दिवस म्हणजे काही कमी नाहीत.

३० ऑक्टोबर

सापडलं. मला नाही.

कॅशियर बाई स्कूलची परीक्षा पास झाल्या. दुपारी केक घेऊन आल्या, सगळा स्टाफ जमला, साहेबही आले. बाई म्हणाल्या, माझ्या यशाचं सगळं श्रेय सरांच्या मिसेसना आणि सरांच्या पिकअपला. किती धडका मारल्या मी त्याला, पण पठ्ठ्या हलला नाही. सर, राग मानू नका हं.

साहेब म्हणाले, पिकअप कुठला? हे तर सायकलने येतात ना?

बाईंच्या मनात पाप नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच त्या सगळं सांगून बसल्या. अहो, तोच, मागे मैदानात उभा असतो तो. रोज सर तिथे येऊन सायकल उतरवतात. आम्ही बॅचची चौघं तिकीटघराच्या भिंतीमागे गाडीत गप्प बसून असतो. मॅडमनी सांगून ठेवलंय, की हसायचं नाही. सरांचं पाणी मारून झालं, की आमचा क्लास सुरू.

वॉचमन पॅकिंगवाल्यांच्या मागे जाऊन खाली बसला. त्याचे खांदे हलत होते. साहेबांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग तो पँटला पुसला.

केक बरा होता.

३१ ऑक्टोबर

बायकोसमोर बसलो. फरशीवाल्याला फोन लाव, म्हटलं. पुरुषाने शब्द पाळावा.

म्हणाली, फोन केला कालच. नाही म्हणून सांगितलं.

मला काही कळेना. ती म्हणाली, अट काय होती? दुसऱ्या कुठल्या गाडीला जमणार नाही असं एक काम. पंधरा दिवसांत धुडावर आपटून आपटून सगळी बॅच पास झाली, पुढच्या दोन बॅचेस भरल्यात. इतकं मोठं, इतकं निगरगट्ट आणि वर फुकटचं दुसरं काय मिळणार होतं मला? राहू दे ते.

म्हणजे मी जिंकलो! मी तसं मोठ्याने म्हणालोसुद्धा.

हो, म्हणाली, जिंकलात. किल्ली द्या.

किल्ली आता स्कूलच्या फळीवरच्या खिळ्याला लटकते. शेजारी तिची शिट्टी. अडथळ्याला डिझेल लागत नाही, हे तिने दोनदा सांगितलं. पहिल्यांदाच कळलं होतं.

तरीही नोंद करून ठेवतो: गाडी आपल्याच घरात राहिली. शिवाय आता शिक्षण क्षेत्रात आहे.

२ नोव्हेंबर

संध्याकाळी काकांचं स्टूल परत केलं. काकांनी फक्त स्टूल उलटं करून पाय चारही आहेत ना, ते पाहिलं.

३ नोव्हेंबर

घरापासून ऑफिसपर्यंत सायकल. पूर्ण. टाकीच्या चढावर उतरून ढकलत होतो, तेवढ्यात मागून लाल गाडी आली. नवा शिकाऊ, घाबरलेला, माझ्याही मागे हळूहळू. शेवटी बायकोने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडली, अहो, कडेने चाला, त्याला ओव्हरटेक शिकवायचंय! मी कडेला झालो. त्याला पहिल्याच प्रयत्नात जमलं.

मैदानावरून जाताना मान वर करून बघितलं. धूड चौकोनात उभं होतं. खालून फार मोठं दिसतं.

फवाऱ्याची बाटली घरीच राहिली. लागली नाही.