लाल झाकण, काळं झाकण

१४ एप्रिल

बिद्रीचे पावणे येऊन गेले. लग्न ९ मेचं पक्कं. पोहे झाले, लाडू झाले, दोनदा चहा झाला. तोवर सगळे देवमाणूस. हुंडा नको, मानपान नको. आणि जाताना उंबऱ्यात चपला घालता घालता नवऱ्यामुलाच्या, अभिजितच्या मामांनी विषय काढला. "बाकी समदं झ्याक हाय, पावणं. हळदीच्या सांजंची सोय तेवढी बगा. आमची मानसं नुसत्या मटनावर उठत न्हाईत."

सोय म्हणजे दारू. भीक मागायची आणि तीही रुबाबात.

ह्यांच्याकडे बघितलं. हे मामांच्या चपलांकडे बघत उभे. तोंडात चांगले चार शब्द आले होते माझ्या, पण मेघा आतल्या दारातून बघत होती. गिळले.

१५ एप्रिल

डोकं ठिकाणावर नाही. गिऱ्हाइकाच्या ब्लाउजाला बाह्या उलट्या जोडल्या, मग उसवत बसले.

मेघाची आधीची दोन स्थळं का मोडली ते अख्ख्या गल्लीला ठाऊक. बाप पितो. तोंडावर कोणी बोललं नाही, मध्यस्थाकरवी कळवलं. आणि हे स्थळ बघा. बाप पाजत नाही म्हटलं तर हे रुसणार. पिणारा बाप चालत नाही, पाजणारा पाहिजे. शी!

ह्यांनी सोडली ती मेघाच्या बारावीच्या वर्षी. त्यानंतर थेंब नाही. उद्यमनगरात लेथवर ह्यांच्या शेजारी उभे राहणारेसुद्धा तेच सांगतात. ते दिवस मी इथं लिहिणार नाही. एकदा भोगलेत, पुरे.

१८ एप्रिल

भाऊजी आले. ह्यांचे धाकटे भाऊ, आमच्या घरातले सर्वज्ञ. स्वतःच्या लेकाच्या लग्नात वाजंत्र्यांचे बुडवले, पण दुसऱ्याच्या लग्नात त्यांना विचारल्याशिवाय मांडव उभा राहत नाही. हळदीच्या संध्याकाळी पुरुष मंडळी फुलेवाडीच्या पुढं भाऊजींच्या शेतातल्या शेडवर बसणार, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं.

मग वाटणी. मामा आणि त्यांच्या जोडीची मोठी माणसं, त्यांना भारीतली. भावकी आणि पोरं, त्यांना मधली. बँडवाले, ड्रायव्हर, आचारी, त्यांना हलकी. बाटल्यांची नावं लिहायची मला किळस येते, म्हणून झाकणांवरून लिहिते. सोनेरी, लाल, काळं.

दुधाला फॅटवरून भाव लावतात तशी माणसांना झाकणं लावली. म्हटलं, "आणि मी कुठल्या झाकणात?"

"तुमी सरबतात, वैनी!" म्हणाले आणि स्वतःच हसले.

२० एप्रिल

हिशोब बसत नाही. सोनेरी झाकणाचा भाव ऐकला. एवढ्यात तर दोन पंगतींना श्रीखंड होतं.

भाऊजी म्हणाले, "मग दादाला इच्यारा की. सस्तात चांगली कंची, सकाळी डोकं धरत न्हाई ती कंची, ह्येच्यापरास कुनाला ठावं?"

असं मोठ्यानं. ह्यांच्या तोंडावर. मेघासमोर.

हे खाली बघत बोलायला लागले. "सोनेरी नुसतं नावाला हाय. लाल बरी. समद्यांस्नी लालच द्या, कोन बी नाव ठेवनार न्हाई. काळ्याच्या वाटंला जाऊ नका." सोडा किती लागेल, बर्फ कुठून घ्यायचा, कोणाला किती दिल्यावर हात आखडायचा. महिन्याभरात बोलत नाहीत तेवढं एका बैठकीत बोलले. आणि आम्ही सगळे कान देऊन ऐकतोय. मीसुद्धा.

ज्या माणसाला गटारातून उचलून आणला त्यालाच आता गटाराचा पत्ता विचारतोय आम्ही.

२३ एप्रिल

मेघाला घेऊन हुपरीला. एसटीत उभं राहून गेलो, पण जीव जरा बरा झाला. पैंजण बघितले. जड, दुहेरी साखळीचे, बारीक घुंगरू. पायात घालून पोरगी दुकानातच चालून बघत होती. माझ्या लग्नात मला नव्हते, म्हणून हिला जडच करायचे हे तिच्या जन्मापासून मनात. विसाराचे पैसे देऊन आले.

परत येताना म्हटलं, अभिजितला एकदा सांगून बघ ना. तुझ्या पप्पांचं त्याला माहीत आहे. तर म्हणाली, सांगितलं. तो म्हणाला, "मामाला कोन बोलनार? एका सांजंचा तर प्रश्न हाय."

एका सांजेचा! मी खिडकीतून उसाकडे बघत बसले. मेघा म्हणाली, "आई, तो वाईट नाही गं." नसेल. पाठीला कणा नाही एवढंच.

२६ एप्रिल

हळदीच्या मटणाचा मसाला भाजायला काढला. लवंगेचा डबा हातात आला आणि जुनं सगळं वर आलं. हे पिऊन यायचे आणि वास लपवायला लवंगा चघळायचे. मला वाटायचं, दारूचा वास परवडला, लवंगेचा नको. हा डबा मी वरच्या फळीवर पिठाच्या डब्यामागं लपवायचे. ह्यांनी सोडली आणि डबा खाली आला, मिठाशेजारी. त्या दिवशी मी देवापुढं साखर ठेवली होती. कोणाला काही सांगितलं नव्हतं.

भाऊजींचा फोन. गगनबावड्याला कोणीतरी गाठ पडलाय, घाटाखालून गोव्याचा माल आणतो, निम्म्या भावात. "वैनी, तुमचं पैंजन वाचलं बगा!"

वाचले म्हणे. जसं काही मीच पिणार होते.

३० एप्रिल



भाऊजी भर दुपारी जीपमधून खोकी घेऊन आले. सगळी लाल झाकणं. माझ्या शिलाईच्या खोलीत, मेघाच्या शालूशेजारी मांडली. मला भलतीच शंका. निम्म्या भावात खरं काय मिळतं? बनावट पिऊन माणसं आंधळी झाल्याचं ऐकलंय. हळदीला कोणाचे डोळे गेले तर मेघाचा संसार उभा राहण्याआधीच बसेल. म्हटलं, हे परत न्या.

भाऊजी म्हणाले, "दादा नुसत्या वासावर सांगंल की."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. विचारत होते. भाऊजींना नाही, मला. आणि मी म्हणाले, "घ्या वास."

झाकण उघडलं, नाकापाशी नेलं, डोळे मिटले. किती वेळ ते डोळे मिटलेले! मग म्हणाले, "वासावर कळंना. जिभंला लावाय लागंल."

  मीच वाटी आणून दिली. मी. माझ्या हातानं. चूळ भरायला तांब्या पण दिला, जसं काही त्यानं भागतं. बोट बुडवून जिभेला लावलं, मोरीत थुंकले, चूळ भरली.

"खोटी हाय. स्पिरिट मारलंय. वता समदी."

भाऊजी तोंडात मारल्यासारखे बसले. सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. फिनेल टाकून तीनदा धुतली तरी वास जाईना.

पण किळस त्या वासाची नाही. ओतताना ह्यांचा चेहरा बघितला. वर्कशॉपात अवघड जॉब नीट उतरल्यावर असतो तसा. हुशारी आलेली. पोरीच्या लग्नात आपल्यावाचून काहीतरी अडलं म्हणून. आणि मला बरं वाटायला हवं का वाईट, हेच कळेना.

२ मे

रीतसर दुकानातून घ्यायचं ठरलं. सगळ्यांना लाल. मामांसाठी दोन सोनेरी, नाहीतर तोंड वाकडं करतील. गगनबावड्याचे पैसे बुडाले. तो माणूस फोन उचलत नाही, भाऊजी विषय काढत नाहीत.

हुपरीला फोन करून जड पैंजण नको म्हणून सांगितलं. हलके द्या. मेघा म्हणाली, "असू दे आई, ऑफिसला जड घालता येत नाहीतच." पोरगी शहाणी आहे. तिच्या शहाणपणाचीच चीड येते.

मामांच्या नरड्यात माझ्या लेकीचे पैंजण.

५ मे

आणखी एक. शेडवर मालाची राखण कोण करणार? भावकीतल्या कोणावर भरवसा नाही, पावणे पोचायच्या आत निम्मं संपवतील. सगळ्यांनी एकमुखानं ठरवलं, दादा. पीत नाही तोच एक.

किल्ली ह्यांच्या हातात दिली.

बोक्याला लोण्याची राखण. मी सगळ्यांसमोर नाही म्हटलं. दुसरा कोणी बघा, नाहीतर मी स्वतः जाऊन बसते शेडवर. भाऊजी म्हणाले, "बाईमानूस तितं काय करनार?" हे मला बाजूला घेऊन गेले. "अगं, आजवर माज्यामुळं पोरीचं दोनदा मोडलं. आता माज्यामुळं एक तरी नीट हुंदे. न्हाई म्हनू नगंस."

किल्ली ह्यांच्याकडेच राहिली. 

९ मे

कार्यालयात, गडबडीत. तांदूळ पडायला अवकाश आहे म्हणून चार ओळी.

काल हळद लागली. मेघा पिवळी धमक, गोड दिसत होती. पुरुष मंडळी शेडवर. हे सगळ्यात शेवटी आले. डोळे लाल. "चुलीचा धूर हुता," म्हणाले. मटण चुलीवरच होतं, ते खरं. आमचं घर पाहुण्यांनी भरलेलं, हे गच्चीवर झोपायला गेले. जवळ जाता आलं नाही.

सकाळी कार्यालयाच्या दारात मामांनी ह्यांना मिठीच मारली. "पावणं, माल एक नंबर! डोसकं सुदिक धरलं न्हाई!" चार लोकांत ह्यांची पाठ थोपटली. मेघाच्या बारावीपासून ह्यांनी जे सांभाळलं त्याबद्दल आजवर एका माणसानं पाठ थोपटली नव्हती.

हे हसले. मी हार घेऊन पुढं गेले.

मेघाचे पैंजण वाजत नाहीत. फार हलके आहेत.

१२ मे

घर रिकामं. मेघाचा फोन आला, बरी आहे, सासू बरी, अभिजितनं चहा करून दिला म्हणे. ऐकून रडले थोडी.

भाऊजी उरलेल्या तीन बाटल्या न्यायला आले होते. शेडच्या कपाटात दोनच निघाल्या. "पावन्यांनी ढापली आसंल," म्हणाले. असेल. तसले आहेतच ते.

हे वर्कशॉपातून वेळेवर आले. हातपाय धुतले. जेवायला बसले नाहीत, दाराकडे तोंड करून उभे राहिले आणि तसेच म्हणाले, "अगं, लवंग हाय का? दाढ दुकतीया."

मी म्हटलं, "कधीपासून?"

"हळदीपासनं."

दोन पावलं पुढं गेले असते तर कळलं असतं. वास लपत नाही, मला तर मुळीच नाही. पण घ्या वास म्हणणारी मीच, वाटी आणून देणारी मीच. आणि दाढ खरंच दुखत असली तर? गोड खाल्लंय लग्नात, दुखू शकते. उद्या दातांच्या डॉक्टरकडे जाऊ म्हटलं. "बगू," म्हणाले.

मी जागची हलले नाही. हात लांब करून लवंग दिली. मग स्टूल घेतलं आणि डबा वरच्या फळीवर ठेवून आले.