सौम्याचे तीन फोटो

उद्यमबाग, बेळगाव

ती. आक्का,
पाया पडतो.

नव्या कॅमेऱ्याची खरी किंमत म्हणजे कारखान्यात जादा कामाला गेलेले माझे तीन रविवार आणि रूपालीचा अबोला. म्हणून परवा तिला आणि सौम्याला जांबोटीच्या रानात नेलं. डबा खाल्ला, लई मजा आली.

झाडाखाली फोटो काळे येतात. म्हणून लेकीला करवंदीच्या जाळीपुढं उभी करून, कॅमेऱ्यात दर फोटोला उजेड वाढवत तीन काढले.

"पप्पा, मागं कोणतरी श्वास घेतंय."

"ओढ्याचं पाणी गं ते. मशीन बिघडायच्या आधी आवाजावरनं कळतंय मला!"

घरी फोटो मोठे करून बघितले. पहिल्यात तिच्या मागं अंधार. दुसऱ्यात दोन डोळे. तिसऱ्यात गवा, तिच्या वेणीपासून चार हातांवर.

सौम्या खुशाल आहे. रूपालीला दाखवलं नाही, तूही बोलू नको. तुझा गुडघा कसा आहे?

तिसऱ्या फोटोत ओढाही दिसतो. कोरडा आहे.

तुझा,
मारुती