किरकिर किती वाजता मोजली?

इंदूर,
४ फेब्रुवारी १९९३

आदरणीय शंकरराव दाजींना रत्नपालचा सप्रेम जयभीम.

महूच्या थंडीबरोबर तुमचे गुडघे आणि ताईचा खोकला दोन्ही उतरणीला लागले असतील, असं धरून चालतो. इकडे मंजुळा बरी, आणि मी तर फारच बरा, कारण परवा पलासियाच्या ऑफिसात तुमच्या मेहुण्याने मैदान मारलं!

गिरणी बंद झाल्यापासून मी घरी बसून होतो (ताईने अख्ख्या महूला सांगितलंच आहे). शेवटी पलासियातल्या एका संस्थेत कागद तपासायचं काम लागलं. तिथल्या इंदुमतीबाई दर आठवड्याला जुन्या इंदुरात घरोघर जातात आणि पोर चिडलं तर कसं शांत करायचं, कसं खेळवायचं, हे आयांना शिकवतात. त्याने मुलांची किरकिर कमी होते का, यावर वर्षभर रिसर्च चालला होता. निकाल आला तो उलटाच. बाई जातात त्या घरांतली मुलं, जात नाहीत त्या घरांतल्यांपेक्षा जास्त किरकिरी! डायरेक्टर कृष्णराव म्हणाले, योजना बंद. इंदुमतीबाई पिशवीतली खेळणी एकेक करून टेबलावर काढून ठेवू लागल्या. गिरणीच्या गेटवर नोटीस लागली तेव्हा आम्हीही असेच डबे उचलले होते. मला बघवेना.

दाजी, वीस वर्षं मी कापडातल्या खोटी शोधल्या. (खोट दिसली की आधी माग बघायचा, सुताला दोष नंतर.) मी दोन दिवस मागून घेतले आणि फॉर्म उपसले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात वेळ होती. मोजणारा माणूस बाईंच्या घरांत जायचा दुपारी एकला आणि बाकीच्यांत संध्याकाळी पाचला! खात्री करायला मी स्वतःच दुपारी एक वाजता बाईंच्या एका घरी धडकलो. दीड वर्षाची शिखा नुकती झोपली होती. माझ्या चपला वाजल्या आणि तिने जो भोंगा लावला, की शेजारचे बाहेर आले. तिची आई माझ्यावरच भडकली, "अहो भिया, तुम्ही पण याच टाइमला? तो फॉर्मवाला झोपलेलीला उठवतो, आणि वरून लिहितो, बहुत रोती है!"

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये उभा राहून म्हणालो, "साहेब, ही किरकिर पोरांची नाही, मोजणाऱ्याने लावलेली आहे." कृष्णरावांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिले. मग सगळ्या घरांत पुन्हा मोजणी झाली, सगळीकडे संध्याकाळी पाचलाच. परवा निकाल लागला. बाईंची मुलं बाकीच्यांच्या निम्मीच रडतात! योजना चालू राहिली, साहेबांनी कचोऱ्या मागवल्या आणि इंदुमतीबाईंनी पहिली मला दिली.

तुमचा मेहुणा,
रत्नपाल

ता.क. मुद्द्याचं राहिलंच. वस्तीत मी आता पोरं शांत करणारा म्हणून गाजलोय. सकाळपासून आया मुलं आमच्या ओट्यावर सोडून जातात. आत्ता सात आहेत, सातही रडतायत. मंजुळा वैतागून आत्ताच तिच्या बहिणीकडे निघून गेली. आठ दिवस तुमच्याकडे येऊ का?

ता.क. २. पाकीट चिकटवताना ताईचं कार्ड आलं. तुमची पिंकी बाळाला घेऊन माहेरी आलीय, बाळ कुणालाच आवरत नाही, मामाने ताबडतोब यावं म्हणे. दाजी, माझं येणं रद्द समजा. पिंकीला आशीर्वाद, बाळाला इथूनच पापा.